पाऊल, जोडा आणि पायडल

सन २०२० च्या टाळेबंदीनंतर आपल्यांपैकी पुष्कळ घरांत सायकल पुन्हा आली. स्कूटर दाराशी उभी राहिल्यापासून जी वस्तू अडगळीत पडली होती, तिला एकाएकी मान मिळाला. इंदूरहून महूकडे किंवा बेळगावाबाहेरच्या रस्त्यांवर रविवारी पहाटे निघणाऱ्या टोळक्यांत आता पन्नाशी ओलांडलेली मंडळीही दिसतात. हैदराबादेत तर २०२३ साली बाह्यवर्तुळ रस्त्यालगत सौरपट्ट्यांच्या छपराखालून जाणारा २३ किलोमीटरांचा सायकलमार्ग खुला झाला.

मात्र हौसेने घेतलेल्या या सायकलींपैकी काही वर्ष-दीड वर्षात जिन्याखाली जाऊन विसावल्या, हेही आपण पाहतो. कारण विचारावे तर उत्तर बहुधा ठरलेले असते. "अर्ध्या तासात पाय बधिर होतात हो. वय झाले, दुसरे काय!" या उत्तरावर आमचा फारसा विश्वास नाही. वयाच्या माथी मारलेले हे दुखणे पुष्कळदा जोड्याचे आणि पायडलाचे असते, आणि ते दूर करणे औषधापेक्षा कितीतरी सोपे असते.

सायकल घेताना आपण काय काय पाहतो? गिअर किती, ब्रेक कोणते, सांगाडा पोलादाचा की ॲल्युमिनियमचा. पायडल सायकलीबरोबर आलेलेच असते, त्याकडे कोणी पाहत नाही. आणि पायांत काय घालावयाचे, हा प्रश्न तर घरातून निघताना दारातल्या चपलांच्या ढिगाशी सुटतो. वास्तविक सायकलीला माणसाचा स्पर्श होतो तो तीनच ठिकाणी: हात, बैठक आणि पाऊल. त्यांतही सारी शक्ती जाते ती पावलांतून. सावकाश चालविणारा नवशिका मिनिटाला साठ वेळा पायडल फिरवितो असे धरले, तरी तासाला ३,६०० फेरे होतात. पाऊल जरासे चुकीच्या जागी टेकत असेल, तर तीच चूक तो तासाभरात प्रत्येक पायाने ३,६०० वेळा करतो.

पाऊल बधिर का होते, हे समजून घेतले म्हणजे पुढचे सारे आपोआप उलगडते. पावलाच्या मधल्या भागापासून बोटांच्या मुळांपर्यंत पाच लांब हाडे शेजारी शेजारी पसरलेली असतात. त्यांची पुढची टोके जेथे येतात तो चवड्याचा भाग. अंगठ्याच्या मुळाशी जो उंचवटा हाताला लागतो, ते त्यांतील सर्वांत जाड हाडाचे टोक. या हाडांच्या मधून बोटांकडे जाणाऱ्या नसा धावतात. चालताना पावलावरचा भार टाचेकडून चवड्याकडे सरकत जातो आणि प्रत्येक पावलाला नसांना क्षणभर विसावा मिळतो. सायकलीवर तसे घडत नाही. पायडलाचा दाब सतत चवड्याच्या त्याच दोन-तीन बोटे रुंदीच्या पट्ट्यावर पडत राहतो. जोडा पुढे चिंचोळा असेल तर हाडे बाजूंनीही आवळली जातात आणि नसा त्यांच्या कात्रीत सापडतात. मग मुंग्या येतात, बोटे सुन्न पडतात, कधी तळव्याची अशी आग होते की जोडा काढून भिरकावून द्यावासा वाटतो. शिवाय श्रमाने आणि उन्हाने पाऊल थोडे सुजते. सकाळी सहा वाजता नेमका बसणारा जोडा नऊ वाजता घट्ट होतो तो यामुळेच.

यावर दोनच उपाय संभवतात. दाब अधिक मोठ्या जागेवर पसरवावयाचा, आणि चवड्याला आडवी जागा द्यावयाची. पहिले काम जोड्याचा ताठ तळ आणि रुंद पायडल मिळून करतात, दुसरे काम जोड्याचा पुढचा भाग करतो. सायकलीच्या जोड्यांविषयी जे काही मोठमोठे बोलले जाते, ते बरेचसे या दोन वाक्यांचाच विस्तार आहे.

आता आपल्या घरातील जोडे एकेक करून पाहू. सकाळी फिरावयास जाण्यासाठी घेतलेले, पळण्याचे म्हणून विकले जाणारे मऊ बूट बहुतेकांपाशी असतात आणि नवा सायकलस्वार हमखास तेच घालतो. चालण्यास ते उत्तम, सायकलीस मात्र अयोग्य. त्यांचा तळ बोटांशी सहज दुमडावा अशीच त्यांची रचना असते. त्यामुळे पायडलाच्या कडेशी तळ वाकतो आणि दाब नेमका त्या वाकावर गोळा होतो. तळातला जाड फेस दर फेऱ्याला दबून थोडी शक्ती गिळतो, ती गोष्ट वेगळीच. शाळेतले पांढरे कॅनव्हासचे बूट हलके आणि स्वस्त खरे, पण तळ इतका पातळ की पायडलाचा प्रत्येक दात तळव्याला मोजता यावा. कचेरीचे चामडी बूट तळाला पुरेसे ताठ असतात, परंतु गुळगुळीत चामडे ओल्या पायडलावरून केव्हा घसरेल याचा नेम नसतो.

कोल्हापुरी वहाणेविषयी चार शब्द अधिक लिहावेसे वाटतात, कारण तिच्याविषयी आपल्या लोकांच्या मनात ममत्व आहे आणि ते योग्यच आहे. कोल्हापुरीची भौगोलिक ओळख ज्या आठ जिल्ह्यांच्या नावे नोंदली गेली त्यांत बेळगावही आहे. अथणी-निपाणीकडे पिढ्यान्‌पिढ्या ती बनत आली. तिचा चामडी तळ ताठ असतो आणि चवडा मोकळा राहतो. म्हणजे आमच्या दोन्ही कसोट्यांना ती निम्मीअधिक उतरते! आपल्या वडीलधाऱ्यांनी ती घालून मैलोगणती सायकल हाकली ती उगीच नव्हे. पण तिला टाचेमागे पट्टा नाही. उभ्या चढावर जोर लावताना किंवा एकाएकी पाय टेकताना ती पायातून निघते, आणि पावसात चामडे भिजले की घसरतेही. बाजारातून भाजी आणण्यास ती खुशाल वापरावी. दहा किलोमीटरांपुढे तिला घरी ठेवावे.

मग घ्यावे काय? खास सायकलीचे जोडे पहिल्या दिवशी घेण्याचे मुळीच कारण नाही. रुंद चवड्याचा, सपाट आणि बऱ्यापैकी ताठ रबरी तळाचा कोणताही बंद बूट चालतो. बॅडमिंटनचे बूट घरात असतील तर ते घालून पाहावेत. त्यांचा तळ सपाट असतो आणि रबर पकड देते. डोंगर चढण्याचे आखूड बूटही चांगले. दुकानात परीक्षा अशी करावी: एका हाताने टाच आणि दुसऱ्याने नाक धरून बूट वाकवावा. बोटांशी सहज दुमडला तर परत ठेवावा. मग ओले फडके पिळतो तसा पिळून पाहावा. फडक्यासारखा पिळला जाईल तोही परत ठेवावा. थोडा जोर लावल्यावर किंचित वाकणारा तो आपला.

माप घेण्यास संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाऊल पसरलेले असते. कागदावर उभे राहून दोन्ही पावलांची रेघ काढावी, पेन्सिल सरळ उभी धरावी, आणि जे पाऊल मोठे असेल त्याचे माप धरावे. बहुतेकांची दोन पावले अगदी सारखी नसतात. बुटांच्या नंबरांत एक घोटाळा आहे तोही ध्यानी ठेवावा. आपल्याकडे चालणाऱ्या इंग्रजी नंबरात एका नंबराचा फरक इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर असतो. युरोपीय नंबरात तोच फरक दोन-तृतीयांश सेंटिमीटर, म्हणजे पावणेसात मिलिमीटरांच्या आतबाहेर. सायकलीचे जोडे बहुधा युरोपीय नंबराने विकले जातात आणि तक्ते कंपनीगणिक बदलतात. तेव्हा नंबर सांगण्यापेक्षा सेंटिमीटर सांगावेत. पुढे अर्ध्या बोटाएवढी जागा राहावी, टाच उचलली जाऊ नये, आणि चवड्याच्या दोन्ही बाजूंना कापड ताणलेले दिसू नये. "वापरून सैल होईल" हे दुकानदाराचे वाक्य चामड्याच्या बाबतीत खरे आहे. सायकलीचे आजचे बहुतेक जोडे कृत्रिम कापडाचे नि प्लॅस्टिकचे असतात, आणि ते आपल्यासाठी सैल होत नाहीत.

जोडा बांधण्याच्या रीतीकडेही लक्ष असावे. नाडीची गाठ साखळीत सापडून धडपडल्याची उदाहरणे कमी नाहीत. सुटी टोके नाडीखाली खोचावीत, किंवा वेल्क्रोचा पट्टा पत्करावा. अलीकडे जोड्यावर लहानशी फिरकी असते, ती फिरवली की बारीक तार आवळली जाते. ती सोयीची असते खरी, पण त्याच सोयीमुळे माणसे जोडा जरुरीपेक्षा अधिक आवळतात. बोटांकडील भाग सैल आणि घोट्याकडील भाग नेटका, अशी बांधणी हवी. वाटेत मुंग्या आल्याच तर प्रथम पुढची बांधणी सैल करून पाहावी. निम्म्या तक्रारी तेथेच थांबतात.

आता पायडल. जुन्या काळ्या सायकलीवरची रबरी ठोकळ्यांची पायडले आपल्याला परिचित आहेत. अनवाणी पायाला किंवा चपलेला ती सुखाची होती, पण रबर गुळगुळीत झाले आणि वर पाऊस पडला की भरवसा संपला. आजच्या सायकलीबरोबर जी पायडले मिळतात ती पुष्कळदा अरुंद आणि हलक्या प्लॅस्टिकची असतात. विकणाऱ्याने किंमत राखण्यासाठी जेथे हात आखडता घेतला, त्या जागांपैकी ती एक. नव्या सायकलीवर पहिला खर्च करावयाचा असेल तर तो येथे करावा. सुमारे दहा सेंटिमीटर लांब-रुंद, सपाट, आणि पृष्ठभागावर बारीक खुंट्या असलेले पायडल घ्यावे. खुंट्या बुटाच्या रबरात रुतून बसतात आणि पाऊल जेथे ठेवाल तेथे राहते. धातूच्या खुंट्यांची पकड अधिक असते, पण पाय सटकला तर नडगी सोलून काढतात. घरातील दोघे-तिघे एकच सायकल वापरत असतील तर नायलॉनच्या अंगच्याच खुंट्या असलेले पायडल बरे.

अशा पायडलावर पाऊल ठेवावे ते चवडा आसेच्या वर येईल असे. अंगठ्याजवळचा उंचवटा आसेच्या किंचित पुढे राहिला तरी उत्तम. नवखे लोक पुष्कळदा एकतर बोटांच्या टोकांनी पायडल मारतात, त्यात पोटऱ्या भरून येतात, किंवा टाचेजवळच्या खोलगट भागाने. जोडा बदलला की बैठकीची उंचीही एकदा पाहावी. जाड तळाच्या बुटाने पाय तेवढाच लांब झालेला असतो. टाच पायडलावर ठेवून पायडल खाली नेले असता गुडघा सरळ व्हावा, म्हणजे चवडा ठेवल्यावर तो जरासा वाकलेला राहतो. सुरुवातीला एवढे माप पुरते.

येथवर आलेला वाचक विचारील की, ते पाय अडकविण्याचे पायडल कसे? कारण सायकलीच्या दुकानात शिरताच प्रथम त्याचीच शिफारस होते. "अंकल, क्लिप वाले ले लीजिए, स्पीड बढ़ जाएगी," असे तेथला मुलगा मोठ्या आत्मविश्वासाने सांगतो. या प्रकाराचे इंग्रजी नाव मोठे फसवे आहे. त्याला क्लिपलेस, म्हणजे बिनक्लिपचे म्हणतात, आणि अडकतो तर पायच! याचे कारण असे की, पूर्वी शर्यतीचे सायकलस्वार पायडलावर धातूचा पिंजरा बसवून त्यात पाऊल खुपसत आणि वरून चामडी पट्टा आवळीत. त्या पिंजऱ्याला टो-क्लिप म्हणत. १९८४ साली फ्रान्समधील लूक या कंपनीने, जी तोवर बर्फावरच्या स्कीचे बंध बनवीत असे, त्याच बंधांच्या तत्त्वावर एक पायडल बाजारात आणले. जोड्याच्या तळाला खीळ, पायडलावर स्प्रिंगचा जबडा. पाऊल दाबले की अडकते, टाच बाहेर वळविली की सुटते. पुढल्याच वर्षी, १९८५ साली, बर्नार इनो याने ही पायडले वापरून टूर द फ्रान्स पाचव्यांदा जिंकली आणि पिंजऱ्याचे दिवस भरले. १९९० च्या सुमारास जपानच्या शिमानो कंपनीने खीळ तळाच्या खाचेत दडविणारी लहान रचना आणली. तीत चालता येते.

वेग वाढतो हे म्हणणे मात्र पारखून घेतले पाहिजे. पाय अडकलेला असला की पायडल वर ओढताही येते, म्हणून शक्ती दुप्पट मिळते, अशी समजूत आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सायकलस्वारांना मुद्दाम वर ओढावयास सांगून त्यांचा श्वास मोजला गेला. ओढण्याने त्याच कामाला ऊर्जा अधिक लागली, कमी नव्हे. खाली दाबण्याचे काम मांडीचे मोठे स्नायू करतात, तेथेच जोर असतो. अडकविण्याचा खरा लाभ एवढाच की, खडबडीत रस्त्यावर वा वेगाच्या पायडलात पाऊल जागचे हलत नाही. शंभर-दोनशे किलोमीटर जाणाऱ्याला तो लाभ मोठा आहे. पोहे-जिलबीच्या टपरीपर्यंत जाऊन परतणाऱ्याला तो फारसा नाही.

आणि त्याची किंमत केवळ रुपयांत नसते. पाय अडकवून सायकल चालविणारा जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी उभ्या जागी पडतो. सिग्नल तांबडा होतो, सायकल थांबते, टाच बाहेर वळवावयाचे ऐन वेळी आठवत नाही, आणि माणूस झाडासारखा आडवा होतो. पंचविशीत हा विनोद ठरतो. साठीच्या आमच्या परिचयातील एक बाई अशाच पडल्या. हात टेकला गेला, मनगटाचे हाड मोडले आणि सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये गेले. सायकल त्यांनी पुढे चालविली नाही, याचे आम्हांला हाडापेक्षाही वाईट वाटते. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे ठिसूळ होत जातात, हे घरातील उत्साही मुलासुनांनी आईला असे पायडल भेट देण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

तरीही ज्याला वर्षभराच्या सरावानंतर ते हवेच असेल, त्याने दोन स्क्रूंच्या, तळात दडणाऱ्या खिळीचा प्रकार घ्यावा. तीन स्क्रूंची मोठी खीळ शर्यतीसाठी आहे. ती घालून आपल्या घरातल्या कोट्याच्या फरशीवर दोन पावले टाकून पाहावीत, म्हणजे अधिक सांगणे नको. एका बाजूस सपाट आणि दुसऱ्या बाजूस अडकविण्याचे असेही पायडल मिळते, बाजारातून जाताना सपाट बाजू वापरावी. स्प्रिंगचा ताण अगदी हलका ठेवावा. कोणत्याही दिशेने टाच वळविली तरी सुटणारी खीळ मिळते, ती मागून घ्यावी. पहिले आठ दिवस भिंतीला धरून उभ्यानेच अडकविण्याचा नि सोडविण्याचा सराव करावा. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जातो, कडा डावीकडे असते, म्हणून डावा पाय आधी सोडण्याची सवय लावावी, आणि ती थांबण्याच्या दहा-पंधरा हात आधी.

खीळ बसविताना घाई करू नये. चवड्याच्या उंचवट्यापेक्षा ती थोडी मागे असावी. तिचा कोन पावलाच्या नैसर्गिक ठेवणीप्रमाणे हवा. टेबलाच्या कडेवर बसून पाय मोकळे सोडले की बोटे किती बाहेर वळलेली आहेत ते दिसते. तो कोन मोडून पाऊल सरळ जखडले, तर दुखू लागतो तो गुडघा. म्हणूनच खिळीत टाच थोडी डावी-उजवीकडे हलावी अशी मोकळीक ठेवलेली असते आणि मोठ्या खिळींवर ती रंगाने दर्शवितात. येथे एक गंमत आहे. शिमानोची तांबडी खीळ म्हणजे शून्य अंश मोकळीक, पिवळी म्हणजे सहा. लूकच्या केओ जातीत तांबडी म्हणजे नऊ अंश आणि काळी म्हणजे शून्य! मित्राने "तांबडी घे" म्हटले म्हणून घेणाऱ्याने आधी कंपनी विचारावी.

पावसाळ्याविषयी थोडे. माळव्याची काळी माती एकदा खिळीत बसली की लहान आजीवाचून निघत नाही, आणि ती असेतो पाय अडकतही नाही, सुटतही नाही. चार महिने सपाट पायडल आणि टाचेमागे पट्टा असलेली, पुढून बंद अशी रबरी सँडल उत्तम. भिजलेला बूट उन्हात करपवू नये, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून पंख्याखाली ठेवावा आणि बोळे दोनदा बदलावेत.

मधुमेह असलेल्यांनी एक सावधगिरी बाळगावी. त्यांच्या पावलांची संवेदना आधीच मंदावलेली असू शकते. जोडा चावत असल्याचे इतरांना दहा मिनिटांत कळते, त्यांना ते रक्ताळलेला मोजा पाहिल्यावर कळते. त्यांनी प्रत्येक फेरीनंतर तळवा आणि बोटांमधली जागा पाहावी, स्वतःला दिसत नसेल तर घरातल्या माणसास पाहावयास सांगावे. सायकलीवरून उतरल्यानंतरही बधिरता तासन्‌तास टिकत असेल, तर तो प्रश्न जोड्याच्या दुकानाचा नसून डॉक्टरांचा आहे. वाढत्या वयाच्या मुलांना खिळीचे जोडे घेऊच नयेत. सहा महिन्यांत पाऊल मोठे होते, आणि "पुढल्या वर्षीही येतील" म्हणून मोठे घेतलेले जोडे पायडलावरून सटकतात.

राहता राहिली पायडल बदलण्याची रीत. हे काम घरी होते, फक्त आटे समजले पाहिजेत. उजव्या पायडलाचे आटे नेहमीसारखे असतात, डाव्याचे उलटे. चालता चालता पायडल आपोआप सैल होऊ नये म्हणून ही योजना आहे. पुष्कळ जण डावे पायडल नेहमीच्या दिशेने सोडविण्याच्या नादात अधिकच घट्ट करून ठेवतात. लक्षात ठेवण्यास सोपे असे: पंधरा मिलिमीटरचा पाना आसेवर उभा, वर तोंड करून धरावा. दोन्ही बाजूंना पान्याचे टोक सायकलीच्या मागच्या चाकाकडे ओढले की पायडल सुटते, पुढच्या चाकाकडे ढकलले की आवळते. नवे पायडल घेताना त्यावरील डाव्या-उजव्याची खूण पाहावी, आट्यांना थोडे ग्रीस लावावे आणि पहिले तीन-चार वेढे हातानेच द्यावेत. हाताने जात नसेल तर बाजू चुकली आहे किंवा ते तिरपे बसते आहे, अशा वेळी पाना लावला की दांड्याचे आटे कायमचे जातात. पहिल्या पन्नास किलोमीटरांनंतर पाना पुन्हा एकदा लावून पाहावा.